घरकुलाच्या यादीत नाव मागे पडले, तर दाद कोठे मागावी?

बुऱ्हाणपूरच्या जुन्या तटबंदीच्या आत आठवड्याच्या वारांवरून नावे पडलेले मोहल्ले आहेत. इतवारा हा त्यांपैकीच एक. तापीकाठच्या या शहरात यंत्रमागावर, हमालीवर किंवा हातगाडीवर पोट असलेल्या कुटुंबांचे घर म्हणजे बहुधा वडिलोपार्जित मिळकतीतील एक-दोन खोल्या, जुन्या भिंती आणि वर पत्रे. अशा कुटुंबाने पंतप्रधान आवास योजनेत अर्ज केला, कागद दिले, पाहणीही झाली. मग यादी आली आणि तीत शेजाऱ्याचे नाव निघाले, आपले निघाले नाही. कार्यालयात विचारले असता ‘अजून नंबर लागला नाही’ एवढेच उत्तर मिळते. आणखी एक पावसाळा त्याच छताखाली काढायचा, एवढाच त्या उत्तराचा अर्थ असतो.

या उत्तरावर गप्प बसण्याचे कारण नाही. तथापि, आपली गरज किती मोठी आहे हे पुन्हा पुन्हा सांगितल्याने निर्णय सहसा बदलत नाही. तो बदलतो निर्णयातील नेमकी चूक कागदावर दाखविल्याने. त्यासाठी प्रथम निर्णयाचे कारण लेखी हाती यावे लागते. हे कारण कसे मिळवावे, चूक कशी ओळखावी आणि कोणत्या क्रमाने कोणाकडे जावे, याची माहिती पुढे दिली आहे.

निर्णय नेमका कोणता?

‘नाव आले नाही’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पहिली, अर्जदार अपात्र ठरला आहे. दुसरी, तो पात्र आहे, परंतु मंजुरीसाठी पाठविलेल्या प्रस्तावात त्याचा समावेश झालेला नाही किंवा यादीत त्याचा क्रम खाली आहे. तिसरी, मंजुरी मिळाली आहे, परंतु कागद, नकाशा किंवा हप्ता यांपैकी काहीतरी अडले आहे. या तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. अपात्रतेच्या निर्णयाविरुद्ध प्राधान्याचा युक्तिवाद करून उपयोग नाही आणि हप्ता अडला असता पात्रतेचे दाखले पुन्हा जोडण्यातही अर्थ नाही. म्हणून अर्जाचा क्रमांक घेऊन योजनेच्या संकेतस्थळावर स्थिती पाहावी आणि आपले प्रकरण या तिन्हींपैकी कोणते, हे आधी निश्चित करावे.

शहराची योजना वेगळी, गावाची वेगळी

इतवारा बुऱ्हाणपूर नगरपालिक निगमच्या हद्दीत असल्याने तेथे शहरी योजना लागू होते. नेपानगर आणि शाहपूर येथेही शहरी संस्था आहेत. खकनार विकासखंडातील व बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या ग्रामपंचायतींना मात्र ग्रामीण योजना लागू होते. नियम, यादी आणि अपिलाची जागा या सर्वच बाबतींत या दोन योजनांमध्ये फरक आहे.

शहरी योजनेचा पहिला टप्पा २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यास, म्हणजे ‘पंतप्रधान आवास योजना - शहरी २.०’ या योजनेस, केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. पाच वर्षांत १ कोटी शहरी कुटुंबांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट तीत ठेवलेले आहे. योजनेचे चार घटक आहेत: स्वतःच्या जागेवर लाभार्थ्याने घर बांधणे, भागीदारीतून उभारलेल्या प्रकल्पात सदनिका घेणे, परवडणारी भाड्याची घरे आणि गृहकर्जावरील व्याजात सवलत. इतवाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील बहुतेक अर्ज पहिल्या घटकात मोडतात. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गोवा यांसारख्या राज्यांत या घटकासाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचा किमान १ लाख, असे एकूण अडीच लाख रुपयांचे साहाय्य ठरलेले आहे.

पात्रतेच्या मुख्य अटी अशा आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावे. कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. मागील २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. आणि ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले-मुली. ही शेवटची व्याख्या लक्षात ठेवावी. वादाची पुष्कळ प्रकरणे तिच्याशीच येऊन थांबतात.

प्राधान्य कोणाला?

शहरी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी प्राधान्याचे गट नावांनिशी सांगितले आहेत. विधवा, एकट्या स्त्रिया, अपंग व्यक्ती, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आणि समाजातील अन्य दुर्बल घटक यांना प्राधान्य द्यावयाचे आहे. याखेरीज सफाई कामगार, पंतप्रधान स्वनिधी योजनेत नोंद झालेले पथविक्रेते, विश्वकर्मा योजनेतील कारागीर, अंगणवाडी कार्यकर्त्या, बांधकाम मजूर आणि झोपडपट्टी किंवा चाळीतील रहिवासी यांच्याकडे विशेष लक्ष पुरवावयाचे आहे.

येथे एक अडचण उद्भवते. एकाच वस्तीतील बहुसंख्य अर्जदार यांपैकी कोणत्या ना कोणत्या गटात बसतात. अल्पसंख्याक यंत्रमाग कामगार, विधवा फेरीवाली आणि वृद्ध बांधकाम मजूर यांच्यापैकी आधी कोण, याचे उत्तर गटांच्या यादीतून आपोआप निघत नाही. शिवाय शहरी योजनेत घरे प्रस्तावांच्या रूपाने मंजूर होतात. नगर निगम अर्जांची छाननी करून यादी तयार करते, ती राज्यस्तरीय मंजुरी व संनियंत्रण समितीपुढे जाते आणि नंतर केंद्रीय समितीपुढे. त्यामुळे ज्याचे कागद प्रस्तावाच्या वेळी पूर्ण होते तो पुढे गेला आणि ज्याचा एक दाखला राहिला तो पुढील प्रस्तावापर्यंत थांबला, असे घडू शकते. अर्जदाराला तो अन्याय वाटतो. कार्यालयाच्या लेखी ती केवळ अपूर्ण नस्ती असते.

अन्य देशांत हा प्रश्न कसा सोडविला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक परिषदेला घरवाटपाची लेखी पद्धत ठेवावी लागते, कोणत्या गटांना वाजवी प्राधान्य द्यायचे ते कायद्याने सांगितलेले आहे आणि आपल्या अर्जाबाबत कोणती वस्तुस्थिती धरली गेली हे विचारण्याचा व निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्क अर्जदाराला आहे. आपल्याकडे शहरी अर्जदारासाठी असा एकच ठरीव मार्ग नाही. तोच परिणाम निरनिराळ्या कायद्यांच्या आधारे साधावा लागतो.

गावाकडील यादीचे गणित

ग्रामीण योजनेत मात्र क्रम ठरविण्याची पद्धत अधिक स्पष्ट आहे आणि म्हणून तिच्यातील चूक दाखविणेही सोपे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा मूळ पाया २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना हा होता. पुढे राहून गेलेल्या कुटुंबांसाठी २०१८ मध्ये ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झाले. क्रम लावताना आधी बेघर कुटुंबे, नंतर शून्य खोलीचे, एका खोलीचे व दोन खोल्यांचे कच्चे घर असलेली कुटुंबे असा विचार होतो. त्यानंतर वंचिततेचे पाच निकष पाहिले जातात: १६ ते ५९ वर्षे वयाची एकही प्रौढ व्यक्ती नसणे, स्त्री कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष नसणे, २५ वर्षांवरील एकही साक्षर व्यक्ती नसणे, अपंग सदस्य असून धडधाकट प्रौढ नसणे, आणि भूमिहीन असून मोलमजुरीवर निर्वाह असणे.

ही यादी ग्रामसभेपुढे ठेवली जाते. एखादे नाव वगळले, तर वगळलेल्या कुटुंबांची यादी कारणांसह ग्रामसभेच्या कार्यवृत्तात नोंदवावी लागते. क्रमाविषयी किंवा नाव वगळल्याविषयी तक्रार असल्यास जिल्हास्तरीय अपिलीय समितीकडे दाद मागता येते. तेव्हा गावातील अर्जदाराने पहिली मागणी करावयाची ती ग्रामसभेच्या कार्यवृत्ताच्या प्रतीची.

तुलना करताना एक खबरदारी आवश्यक आहे. ग्रामीण योजनेत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक व इतर यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात आणि उद्दिष्टेही वेगवेगळी दिली जातात. म्हणून आपल्या यादीत १२ वा क्रम असताना दुसऱ्या प्रवर्गातील ३० व्या क्रमाच्या कुटुंबाला घर मिळाले, तर तेवढ्यावरून नियमभंग सिद्ध होत नाही. आपल्याच प्रवर्गात आपल्या खालच्या क्रमाला आधी मंजुरी मिळाली असेल, तर मात्र ती निश्चितच प्रश्न विचारण्याजोगी बाब होय.

२०२४ मध्ये ग्रामीण योजनेतील वगळण्याचे निकष १३ वरून १० वर आणण्यात आले. दुचाकी, शीतकपाट किंवा दूरध्वनी असणे हे आता अपात्रतेचे कारण राहिलेले नाही; मासिक उत्पन्नाची मर्यादाही १५,००० रुपयांपर्यंत वाढविली आहे. पूर्वी या कारणांवरून नाव गेले असेल, तर नव्या सर्वेक्षणात नोंद झाली आहे काय, हे अवश्य पाहावे.

कारण लेखी मागावे

आता पुन्हा शहराकडे वळू. तोंडी उत्तराविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून पहिला अर्ज निगम आयुक्तांच्या नावे द्यावा आणि त्यात तीनच प्रश्न विचारावेत: माझा अर्ज पात्र ठरला आहे की अपात्र? अपात्र असल्यास कोणत्या अटीनुसार? पात्र असल्यास मंजुरीच्या प्रस्तावात नाव समाविष्ट न होण्याचे कारण काय? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढील प्रत्येक पायरीवर हाच कागद विचारला जातो.

या मागणीला कायद्याचे बळ आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळविणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख करावा. त्याच कलमाखाली अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात व त्यांचे लाभार्थी कोण, ही माहितीही प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते.

मराठी भाषकांच्या मनात येणारी शंका येथेच दूर करणे योग्य होईल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मराठी निवेदन केवळ भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावा लागतो. बुऱ्हाणपुरातील कार्यालयीन व्यवहार हिंदीत चालत असल्याने वेळ वाचविण्यासाठी दोन्ही कागद हिंदीत देणेच सोयीचे ठरते.

चूक कोणत्या जातीची?

कारण हाती आले की ते तीन चाळण्यांतून काढावे. वस्तुस्थिती चुकीची धरली आहे काय? वस्तुस्थिती बरोबर, पण नियम चुकीचा लावला आहे काय? की नियमही बरोबर, पण पद्धत पाळली गेली नाही?

वस्तुस्थितीच्या चुका सर्वाधिक आढळतात. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याला ९ अंकी समग्र क्रमांक असतो. विवाहित मुलगा अजून वडिलांच्याच समग्र कुटुंबात नोंदलेला असेल आणि वडिलांच्या नावे पक्के घर असेल, तर छाननीत तो मुलगा ‘पक्के घर असलेल्या कुटुंबातील’ ठरू शकतो. योजनेच्या व्याख्येप्रमाणे विवाहित मुलाचे कुटुंब वेगळे असते. अशा वेळी आधी समग्र नोंद विभक्त करून घ्यावी, विवाहाचा दाखला जोडावा आणि मग फेरतपासणी मागावी. विधवा स्त्रीच्या नोंदीत पतीचे नाव अजून चालू असणे, आधार व समग्र यांतील नावांच्या अक्षरांत फरक असणे, अपंगत्वाचे प्रमाणपत्र असूनही अर्जातील रकाना कोरा राहणे, या चुकाही अशाच. त्या लहान दिसतात, परंतु त्यांच्यामुळे अर्जदार प्राधान्याच्या गटातून बाहेर पडतो.

नियम चुकीचा लावल्याचे उदाहरण म्हणजे जुना लाभ. २००१ मध्ये सुरू झालेल्या वाल्मीकी-आंबेडकर आवास योजनेत कोणाला २००३ साली साहाय्य मिळाले असेल, तर ते २० वर्षांच्या मर्यादेपलीकडचे आहे. त्या आधारावर नाव वगळले असल्यास लाभाच्या वर्षाचा पुरावा मागावा. मात्र जुन्या योजनेतून बांधलेले घर आजही पक्के व आपल्याच नावे असेल, तर पक्क्या घराची अट स्वतंत्रपणे लागू होते, हे विसरू नये.

पद्धतीतील चूक म्हणजे पाहणी न करताच अहवाल लिहिणे, कागदाची त्रुटी न कळविता अर्ज बाजूला ठेवणे, किंवा आपले म्हणणे न ऐकता नाव काढणे. पाहणीची तारीख, पाहणी करणाऱ्याचे पद व स्थळाची छायाचित्रे यांची प्रत मागितली की या चुका उघड होतात.

जागेचे कागद: जुन्या शहराची खरी अडचण

स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकात जागेचा हक्क दाखवावा लागतो आणि इतवाऱ्यासारख्या भागात अडते ते बहुधा येथेच. मिळकत आजोबांच्या नावे, वारस पाच-सहा, वाटणी तोंडी आणि संपत्तिकराची पावती एकाच भावाच्या नावाची. अशा अर्जाचा क्रम मागे पडला, तर तो प्राधान्याचा वाद नसून हक्काच्या पुराव्याचा प्रश्न असतो. वारसांचे नामांतरण करून घेणे, नोंदणीकृत वाटणीपत्र करणे किंवा इतर वारसांचे लेखी संमतीपत्र मान्य होईल काय हे निगमला लेखी विचारणे, हे त्यावरील मार्ग होत. केवळ नामांतरणाने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून मूळ रजिस्ट्री किंवा वारसाहक्काचे कागद जपून ठेवावेत.

सरकारी जागेवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशात शहरी भूमिहीनांना पट्टा देणारा १९८४ चा कायदा आहे. आपली वस्ती त्याच्या कक्षेत येते काय, याची विचारणा जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

आणखी एक अडथळा ऐतिहासिक शहराचा म्हणून आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. बुऱ्हाणपुरात अशी स्मारके अनेक आहेत. आपली जागा या अंतरात येत असल्यास यादीतील क्रम वर नेऊनही काम सुरू होणार नाही. तेथे दुरुस्तीची परवानगी किंवा प्रकल्पातील सदनिकेचा पर्याय आधी विचारात घ्यावा.

निवेदन कसे लिहावे?

दुसरा कागद म्हणजे फेरविचाराचे निवेदन. ते एक-दीड पानाहून मोठे नसावे. प्रारंभी अर्जाचा क्रमांक, तारीख व वॉर्ड. नंतर कार्यालयाने दिलेले कारण, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. त्यानंतर ते कारण का चुकीचे आहे, हे एकेका वाक्यात आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याला आधार देणाऱ्या कागदाचा क्रमांक. उदाहरणार्थ: ‘अर्जदाराच्या कुटुंबाकडे पक्के घर असल्याचे नमूद केले आहे. ते घर अर्जदाराच्या सासऱ्यांच्या नावे असून अर्जदार विधवा व विभक्त आहे. समग्र नोंद व मृत्यूचा दाखला जोड १ व २ म्हणून सोबत आहेत.’ शेवटी मागणी स्पष्ट असावी: पुन्हा स्थळपाहणी करावी, अमुक गटातील प्राधान्याची नोंद घ्यावी, पुढील प्रस्तावात नाव समाविष्ट करावे आणि कारणांसह लेखी आदेश द्यावा.

शेजाऱ्याला घर कसे मिळाले, हा मजकूर निवेदनात शक्यतो टाळावा. त्याचे नाव रद्द झाले तरी आपले नाव त्या जागी येत नाही. उलट मोहल्ल्यात वैर वाढते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. आपल्या गटाला कोणता नियम लावला, एवढाच प्रश्न पुरेसा असतो.

मंगळवारची जनसुनावणी आणि १८१

निगमकडून उत्तर न आल्यास मध्य प्रदेशात दोन खुली दारे आहेत. दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनावणी होते. तेथे निवेदन थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती देता येते. नोंदणीचा क्रमांक घेऊन प्रकरण कोणाकडे पाठविले ते तेथेच विचारावे.

दुसरे दार म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन, क्रमांक १८१. तक्रार चार स्तरांवर चालते. एका स्तरावर निराकरण झाले नाही, तर ती वरच्या स्तरावर जाते. तक्रार नोंदविताना ‘घर मिळाले नाही’ असे न म्हणता ‘अमुक तारखेच्या निवेदनाला उत्तर नाही’ असे सांगावे, म्हणजे तिचे निराकरण मोजता येते. समाधान झाले काय, असे विचारणारा फोन आल्यास लेखी आदेश हाती आल्याशिवाय होकार देऊ नये.

दाखले अडले असतील, तर मार्ग निराळा. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कायदा देशात सर्वप्रथम मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले आणि त्यानंतर ६० दिवसांत दुसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्यात २०१३ चा आणि महाराष्ट्रात २०१५ चा असाच कायदा आहे. राज्य बदलले की हेल्पलाइनचा क्रमांक व कार्यालय बदलते. कारण लेखी मागणे, चूक दाखविणे व पोच सांभाळणे हा क्रम मात्र सर्वत्र तोच राहतो.

माहिती अधिकाराचा उपयोग

३० दिवस वाट पाहूनही कारण मिळाले नाही, तर १० रुपये शुल्कासह माहिती अधिकाराचा रीतसर अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क नाही. मागावयाची माहिती नेमकी असावी: माझ्या अर्जाच्या नस्तीतील टिपणी व पाहणी अहवाल, माझ्या वॉर्डातील मंजूर लाभार्थ्यांची गटवार संख्या, प्रस्ताव राज्य समितीकडे पाठविल्याच्या तारखा आणि प्राधान्य ठरविण्यासाठी वापरलेला लेखी आदेश. इतरांचे उत्पन्न किंवा आधार यांसारखे वैयक्तिक तपशील मागितल्यास नकार येण्याचा संभव अधिक; गटवार संख्या व तारखा मागितल्यास तो कमी.

३० दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यावरील निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

अपंगांसाठी स्वतंत्र हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ नुसार सर्व संबंधित गृहयोजनांत लक्षणीय अपंगत्व, म्हणजे किमान ४० टक्के अपंगत्व, असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यातही अशा स्त्रियांना योग्य प्राधान्य द्यावयाचे आहे. ही केवळ सूचना नसून संसदेने केलेला कायदा आहे. म्हणून अपंग अर्जदाराने निवेदनात या कलमाचा उल्लेख करून मंजूर यादीत हे ५ टक्के कसे पाळले, अशी विचारणा करावी. समाधान न झाल्यास राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

न्यायालय: शेवटची पायरी

सर्व मार्ग संपल्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करता येते. बुऱ्हाणपूर जिल्हा जबलपूर येथील मुख्य पीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. न्यायालय सामान्यतः कोणाला घर द्यावे हे स्वतः ठरवीत नाही. निर्णय ज्या पद्धतीने घेतला ती योग्य, समान व कारणासहित होती काय, हे ते पाहते. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि बाधितांचे म्हणणे ऐकून घेण्याचे महत्त्वही सांगितले. तरीही प्रत्येकाला पर्यायी जागा मिळालीच पाहिजे, असे त्या निर्णयाने म्हटले नाही. तेव्हा याचिकेत मागण्याजोगा दिलासा बहुधा एवढाच असतो: आमच्या प्रलंबित निवेदनावर ठरावीक मुदतीत, कारणांसह निर्णय द्यावा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत साहाय्य मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

दाद मागत असताना

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मंजुरी व बांधकामाचा लेखी आदेश हाती येण्यापूर्वी जुने घर पाडू नये; मंजुरी लांबली, तर भाड्याचे ओझे अंगावर येते आणि आपण कच्च्या घरात राहत होतो याचा पुरावाही नाहीसा होतो. ‘नंबर वर आणून देतो’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. कोणी अधिकारी लाच मागत असेल, तर लोकायुक्तांकडे तक्रार करावी. उत्पन्न किंवा घर यांविषयी खोटे शपथपत्र देऊ नये. ते पुढे उघड झाल्यास मंजूर झालेले साहाय्यही परत करावे लागू शकते.

सर्व कागदांची एकच पिशवी करावी: अर्जाची पोच, आधार व समग्र यांच्या प्रती, जागेचे कागद, घराची तारखेसह छायाचित्रे आणि आजवर दिलेल्या प्रत्येक निवेदनाची शिक्का मारलेली प्रत. कार्यालयातील माणसे बदलतात, वॉर्डाचे नगरसेवक बदलतात, नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. अशा वेळी अर्ज कधी केला, काय मागितले आणि काय उत्तर मिळाले, हे सांगणारी साक्ष आपल्याच घरात असली पाहिजे.

निधी मर्यादित आहे आणि गरजू पुष्कळ आहेत. त्यामुळे योग्य रीतीने दाद मागूनही पुढील प्रस्तावाची वाट पाहावी लागू शकते. परंतु नियमाने थांबणे आणि कोणाच्या चुकीमुळे थांबणे यांत फरक आहे. तो फरक जाणून घेण्याचा हक्क इतवाऱ्यातील प्रत्येक अर्जदाराला आहे आणि तो बजावण्यास शिक्का मारलेल्या एका साध्या अर्जाने सुरुवात होते.